टँकरच्या दिवशी भरलेला कॅन

चांदीचे दोन पत्रे पॉलिमरच्या द्रावणात टांगायचे, वीज सोडायची आणि बसून राहायचं. चांदी विरघळते आणि डोळ्यांना न दिसणारे तिचे कण पेजेसारख्या त्या चिकट द्रावणात अडकतात. कण जमले की द्रावण पिवळं होतं, मग ते पसरून वाळवलं की पापुद्र्यासारखी पातळ फिल्म. परतूरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत मी त्या पिवळ्या रंगामागे तरुणपण घालवलं.

पाण्यात मीठ नको, एवढी एकच अट. आमच्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात नेमकं तेच भरपूर. म्हणून शुद्ध पाण्याचा कॅन मी जालन्याहून रेल्वेनं आणायचे. लोकांना ते औषधाचं पाणी वाटायचं; जागा देताना विचारायचे, आजारी कोण आहे घरात?

त्या उन्हाळ्यात पीएच.डी.च्या प्रबंधाला शेवटची फिल्म तेवढी हवी होती. महिनाअखेरीला माझे मार्गदर्शक सर निवृत्त होणार होते आणि मुदतवाढही त्याच दिवशी संपत होती. फिल्म वाळायलाच आठवडा लागतो. घाईत कॅनकडे नीट न पाहता उरलेलं सगळं पॉलिमर मी त्यातल्या पाण्यात शिजवलं, पत्रे टांगले, वीज सोडली. पिवळं काही झालं नाही. दूध नासल्यासारखं पांढरं झालं आणि उजेडात हळूहळू जांभळट पडत गेलं. मीठ लागलं की चांदीचं असंच होतं; हे मीठच, दुसरं काही नाही. 

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशी झाडू घेऊन आल्या. "काल टँकर आल्ता, मॅडम. तुमचा कॅन अर्धाच होता, काठोकाठ भरून ठेवला म्या. असं रिकामं भांडं ठेवत असतेत का उन्हाळ्यात?"

मला त्यांचा भयंकर राग आला. पण आमच्याकडे टँकरच्या दिवशी शेजारणीचा हंडासुद्धा असाच न विचारता भरतात. माझी आई हेच करत आली आहे.

मी कॅन बेसिनमध्ये उपडा करायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"फेकू नका वं. प्यायला चांगलं हाय."

त्यांनी पेला भरून दिला. मी प्यायले. पाणी मचूळ होतं.

नवं पॉलिमर येण्याआधीच सर निवृत्त झाले, पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. आता मी जालन्यात शिकवणीवर्गात पोरांना नववीचं विज्ञान शिकवते. पुन्हा करायची इच्छाही उरलेली नाही. तो कॅन घरी मोरीत असतो. गल्लीत टँकर आला की पहिला तोच भरून घेते.