चालू मशीनमध्ये हात

हिंगणघाटात मूठभर रुई चिमटीत धरून, डोळे मिटून तिची प्रत सांगणारी माणसं पुष्कळ होऊन गेली. कॉम्प्युटरमधला कचरा तशाच चिमटीत धरून पारखणारा माणूस मात्र त्रिभुवनात एकच, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सारी गल्ली त्यांना काकाजी म्हणते. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर पारखायला कापूस उरला नाही, तेव्हा त्यांची नजर घरातल्या कॉम्प्युटरकडे वळली. तो मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. मुलगा शिकून पुण्याला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला. त्याच्या पडद्याला पाठीमागे भलं मोठं कुबड आहे, त्यावर काकूंनी जुन्या चादरीचं झबलं शिवून घातलं आहे, आणि तो सुरू होईस्तोवर माणसाची आंघोळ आटोपते.

असा म्हातारा कॉम्प्युटर तात्पुरत्या फायलींनी तुंबतो. आपण काम करत असताना तो स्वतःपुरत्या चिठ्ठ्याचपाट्या लिहून ठेवतो आणि काम संपलं तरी टाकून देत नाही. त्या पुसल्या की जरा मोकळा होतो. तुम्ही-आम्ही हे काम चहा निवेपर्यंत उरकू. काकाजींना त्याला अख्खा रविवार लागतो. सकाळी जिनिंगमधला जुना शर्ट चढवून, नाकाला रुमाल बांधून ते बसतात. रुमाल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कचरा काढाचा म्हटला तं रुमाल लागतेच." मग चालू असलेले सगळे प्रोग्राम एकेक करून बंद. त्यानंतर स्वयंपाकघराकडे तोंड करून ते काकूंना मिक्सरही बंद करायला लावतात. "चालू मशीनमंदी हात घालाचा नाई, मास्तर. जिनिंगमंदी एकानं घातलता." त्या एकाचं पुढे काय झालं, हे कधी सांगत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताचं एक बोट पेरभर तोकडं आहे. त्याचं विचारलं तर कधी अडकित्ता सांगतात, कधी बैलगाडीचं चाक, आणि माझ्या मुलीला तर ते माकडाने नेल्याचं सांगितलं होतं.

पुसण्याआधी प्रत्येक फाईल उघडून पाहायची, हा त्यांचा नेम. आत सगळे चौकोन, आकडे आणि उलटीसुलटी चिन्हं. मी म्हटलं, काकाजी, यातलं अक्षरही वाचता येत नाही, टाका ना. "वाचता येत नाई म्हणून कचरा होते का? डॉक्टरची चिठ्ठी कोणाले वाचता येते?" एखादी फाईल सध्या वापरात आहे असं कॉम्प्युटर म्हणाला, की ते अदबीने मागे सरतात. "कामावर आहे म्हणते. कामावरच्याले काऊन उठवाचं?" कुठे चौकोनांच्या गर्दीत मराठी दिसलं, तर त्या फायलीला हात लावत नाहीत. टाकलेल्या फायलीही कचरापेटीत आठ दिवस पडू द्यायच्या, कारण ओला माल घाईने पुढे पाठवू नये. आणि सगळ्यावर कळस म्हणजे नमुना. दर रविवारी एक फाईल टाकलेल्यांतली आणि एक राखलेल्यांतली पेन ड्राइव्हवर घ्यायची, आणि तो पेन ड्राइव्ह खाकी कागदात गुंडाळून देवघरात ठेवायचा. उद्या कोणी मालावरून भांडायला आला, तर दाखवायला हवा म्हणून. तात्पुरत्या फायलींवरून कोण भांडायला येणार, असं मी विचारलं. "भांडणारा सांगून येत नाई, मास्तर."

काकू या बाबतीत अगदी उलट. त्या भुलाबाईची गाणी एका बोटाने टाईप करत होत्या. कोजागिरीपर्यंत पोरी मातीच्या भुलाबाईपुढे म्हणायच्या ती जुनी गाणी, त्यांच्या माहेरची. त्यांना स्वतःला तुकडे-तुकडे आठवायचे. सबंध यायची ती कारंजा घाडग्याला दिलेल्या थोरल्या बहिणीला. बहीण फोनवर म्हणायची, काकू टिपायच्या. अशी अकरा गाणी झाली, आणि मग बहिणीचं डोकं साथ देईना. आता तिला फोनवर कोण बोलतंय हेही कळत नाही.

टाईप करून झालं, की काकू मिक्सर बंद करतात तसा भिंतीवरच्या बटणाने कॉम्प्युटर बंद करायच्या. सेव्ह करत जा, असं मी सांगितलं होतं. "लिहिलं ना त्याच्यात. आता ते कुठी जाईन?" आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विचारायचा, कालचं अर्धवट राहिलेलं परत आणू का? काकू 'हो' दाबायच्या. ते तो कुठल्या कोपऱ्यातून आणतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं.

एका शनिवारी काकाजी मुलीकडे नालवाडीला गेले होते आणि मी प्रश्नपत्रिका छापायला त्यांच्या घरी बसलो होतो. एक पान निघायला अर्धा तास. काकू म्हणाल्या, "लय हळू चालून राह्यला जी. जरा साफ करून द्या ना." मला हेच हवं होतं. इतक्या रविवारांचा तो रुमाल आणि ती पारख मी सोसली होती. म्हटलं, आता दाखवतोच कसं करतात ते. प्रोग्राम बंद न करता, एकही फाईल न उघडता मी सगळ्या एकदम निवडल्या आणि कचरापेटीतही न टाकता कायमच्या पुसल्या. दहा सेकंद लागले. कॉम्प्युटर टणाटण उड्या मारू लागला. काकूंनी मला चिवडा दिला आणि मी तो दोनदा मागून खाल्ला.

रविवारी दुपारी त्यांनी गाणी उघडायला घेतली, तर कॉम्प्युटरने काही विचारलंच नाही. मी पळत गेलो, दोन तास खटपट केली. गाणी त्या तात्पुरत्या फायलींतच होती; काही मिळालं नाही. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अकराच्या अकरा का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काकाजी परतले. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, हातपाय धुतले, देवघरातली खाकी पुडी आणली आणि नमुने एकेक करून उघडायला सुरुवात केली. चौकोन, चौकोन, आकडे, चौकोन. एका जुन्या रविवारच्या नमुन्यात काकूंची अक्षरं निघाली. तेव्हा जितकी लिहून झाली होती तितकीच, साडेतीन गाणी. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि पहिल्या गाण्यापासून वाचायला घेतलं.

मला वर बघवेना. काकाजींनी डावा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला, तोकड्या बोटासकट. "मीनं पण घातलता चालू मशीनमंदी. घरी जाची घाई होती," ते म्हणाले. "माकडानं नाई नेलं." मग उठून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. इतक्या वर्षांत ते मला एवढे जवळचे कधी वाटले नव्हते.

कोजागिरीला गल्लीतल्या पोरींनी ती गाणी म्हटली. चौथं गाणं अर्ध्यावर आलं की पोरी थांबतात, टाळ्या पिटतात आणि खाऊ मागतात. ते तिथेच संपतं, असं त्यांना वाटतं. काकू हसून खाऊ वाटतात. काकाजी माझ्याकडे बघत नाहीत, आणि मी त्यांच्याकडे. रविवारी मात्र आता दोन रुमाल लागतात. एक ते बांधतात, एक मी.