बिद्रीची गाडी

रविवारी मेहक बालगृहाच्या फाटकाशी पोचली तेव्हा आत एकच गोंधळ उडाला होता. मोना सापडत नव्हती.

मेहक याच बालगृहात वाढलेली. अठरा पूर्ण झाली नि बाहेर पडली, तेव्हा कुठं जायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. आता ती इचलकरंजीत शिलाईच्या कारखान्यात होती आणि सुट्टीला कोल्हापूरला येऊन मोठ्या पोरींजवळ बसायची. खोली कशी शोधायची, कुणी "आई-बाप कुठं असतात?" विचारलं तर काय बोलायचं, असलं सगळं सांगायची. पोरी तिचं ऐकायच्या, कारण ती त्यांच्यातलीच होती.

मोना अठराला टेकलेली. आठवड्यापूर्वी तिच्या जुन्या गल्लीतली धोंडुबाई भेटायला आली आणि बोलता बोलता बोलून गेली, "तुझी आई बिद्रीकडं असती की आता. दुसरं लगीन केलंय." तेव्हापासून मोना धड जेवत नव्हती, असं पोरींनी सांगितलं. मेहक तशीच माघारी वळली नि रिक्षानं स्टँडवर आली.

बिद्रीवरून जाणारी गारगोटीची गाडी लागली होती. खिडकीशी मोना.

"उतर खाली."

"न्हाय. हात लावलास तर आरडीन."

मेहकनं तिचा चेहरा पाहिला. आज ओढून नेली तर उद्या ही एकटी जाणार, हे तिला कळून चुकलं. ती शेजारी बसली आणि तिनं अधीक्षिका राजनंदिनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, मोना सापडली. बिद्रीला आईकडं चाललीय. मी सोबत आहे, घेऊनच येते."

"आत्ताच्या आत्ता परत आण! नाहीतर तुझं इथलं येणं बंद!"

पण गाडी सुटली होती.

बिद्रीला उतरून विचारत विचारत दोघी घरापाशी आल्या. सोप्यात म्हातारा बसला होता, अंगणात एक लहान पोरगी खेळत होती. हात पुसत एक बाई दारात आली आणि जागच्या जागी थिजली. तीच हनुवटी, तेच नाक. विचारायची गरजच नव्हती.

"काय बोलायचं ते तू ठरव," मेहक हळूच म्हणाली.

"कोण पावणं? कुणाकडं आलाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मोनानं बाईकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. एक शब्द, आणि त्या घरात वणवा पेटला असता.

"वाट चुकलो, आजोबा. पाणी मिळंल का?"

बाईनं तांब्या आणला, पण अर्धं पाणी उंबऱ्यातच सांडलं. "रस्ता दावून येतो," असं सासऱ्याला सांगून ती दोघींबरोबर वळणापर्यंत आली.

"ह्यांना तुझं काय ठावं न्हाय गं," ती घाईघाईनं म्हणाली.

"मला का ठेवलंस तिथं?"

"तुझा बाप गेल्यावर कुणी दारात उभं करंना. तुला तरी दोन घास मिळतील म्हटलं." तिनं मोनाच्या गालाकडं हात नेला. मागून म्हाताऱ्याची हाक आली तसा तो हात खाली आला. ती वळली आणि भराभरा निघून गेली.

परतीच्या गाडीत मोना मेहकच्या दंडावर बुक्क्या मारत सुटली. "तू थांबवायचं होतंस की मला!" सगळी गाडी बघत होती. मेहकनं मारू दिलं.

"थांबवलं असतं तर जन्मभर मनातल्या मनात तिच्या दारात उभी राहिली असतीस," ती म्हणाली. "माझ्या आईचं तर दारच मला ठाऊक न्हाय."

मोनाच्या मुठी सैल पडल्या.

मॅडम बोलल्या तशा वागल्या. मेहकचं येणं बंद झालं. सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा. शेवटी मोनाच ऑफिसात जाऊन उभी राहिली. "मॅडम, मी त्या दिवशी परत न्हाय यायचं म्हणूनच गेलतो. ताई नसती तर आलोच नसतो."

संध्याकाळी मॅडमनी स्वतः मेहकला फोन केला. "ये मेहक. पण यापुढं आधी मला विचारायचं, मग गाडीत बसायचं."

मोना आता इचलकरंजीत मेहकच्याच खोलीत राहते, तिच्याबरोबर कामाला जाते. आईकडून निरोप आला नाही, मोनाही पुन्हा गेली नाही. कधी जेवता जेवता ती एकदम थांबते. मेहक काही विचारत नाही. मोनाचा हात पुन्हा ताटाकडं जाईपर्यंत तीही घास तसाच धरून बसते.