तुराटीचा कान

नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, असं माही सासू म्हने. मी तं उभ्या जन्मात हजारदा घेतलं, अन् बुढा अजून ठनठनीत हाय. उकंडराव. मेडशीत कोनालेबी विचारा, घर दाखवतीन. सोयाबीन-तुरीचं वावर सगळ्याईचंच असते, पन दारात पांढरी अँबेसिडर फकस्त आमच्याच हाय. मधात ती विकाची गोष्ट निंघाली होती. विकली गेली नाही, तं आता लोकं सांगत फिरून राह्यले का मनकर्णाबाईनं भांडून गिऱ्हाईक पळवलं. भांडली तं मी होतीच, पन त्या मानसाशी नाही. म्हनून म्हटलं, काय झालं ते मीच सांगतो.

गाडी मंगरूळपीरच्या एका डॉक्टरची होती. डॉक्टर वारले, पोरं पुन्याले गेले, गाडी कडुलिंबाखाली पडून राह्यली. हे तिकडं बैल पाह्याले गेले होते. बैल राह्यला बाजूले, अन् संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून हे पांढरं धूड घेऊन आले. मी दारात ताट घेऊन उभी, बैलाले ओवाळाले. बैल कुठी हाय म्हटलं, तं हे गाडीकडं बोट दाखवून हसून राह्यले. आता काय करता? हातात कुंकू होतं. लावलं बाप्पा बोनेटले.

तवापासून आमच्या घरात एक नेम झाला. सकाळचा चहा पोटात गेला का हे गाडीपाशी. बोनेट उघडाचं, पानी पाह्याचं, तेलाची काडी काढून फडक्यानं पुसाची, पुन्हा घालाची, पुन्हा काढाची. मंग गाडी चालू कराची अन् तुराटी घ्याची. तुराटी म्हंजे तुरीचं वाळलेलं खोड. लोकं चुलीत घालतेत, गोठ्याचे कूड बांधतेत. याईची, म्हंजे आमच्या बुढ्याची, एक तुराटी मात्र न्यारी होती, सरळसोट, हाताभर लांब, घासू घासू गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक इंजिनले लावाचं, दुसरं कानाशी धराचं, अन् डोळे मिटून उभं राहाचं. डॉक्टर छातीले नळी लावते ना, तसं.

मंग मले आवाज देत. 'आज खुश हाय वं.' नाहीतं, 'आज कुरकुरून राह्यली.' मी आतूनच म्हनो, कधी माह्याबी गळ्याले तुराटी लावून पाहा, आमीबी कुरकुरतो. ते हसत अन् पाना हातात घेत.

राग येये मले त्या गाडीचा. माह्या जुन्या लुगड्याच्या खोळी तिच्या सीटले. माह्या भावाकडची लग्नपत्रिका आली, चांगली जाड पुठ्ठ्याची. हळद कोन्या दिवशी हाय हे पाह्याले शोधली, तं ती कापून गाडीच्या पोटात गेलेली. पंपातून पानी झिरपत होतं, म्हनून दोन लोखंडाच्या मधात पत्रिका बसवली म्हने. भावाच्या घरी आमी हळद झाल्यावर पोचलो. एखादा पुर्जा भेटत नसला का हे सकाळच्या एसटीनं अकोल्याच्या भंगार बाजारात. संध्याकाळी येत, हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी तेलकट. उंबऱ्यावरच उघडून दाखवत, या मानसाले सात वर्सं शोधून राह्यलो होतो म्हनत. पुर्जालेबी मानूस म्हनत, काय सांगू तुमाले. लोकं अकोल्याहून साडी आनतेत.

पन खोटं कायले बोलू, सुखबी तिनं लय देलं. उन्हाळ्यात त्या बोनेटवर माहे पापड असे खडखडीत वाळत का गच्चीवर वाळत नाहीत. पाहुने आले का सगळे पोट्टे मागच्या सीटवर कोंबून हे वावरात नेत, हुरडा खाऊ घालून आनत. अन् बोनेट उघडलं का गल्लीतले रिकामे बुढे जमा होत. एकजन पाना धरे, बाकीचे सल्ला देत, चहाचं माह्या डोक्यावर. गाडी बिघडलेली असली का तं अजूनच मजा. दिवसभर उघडत, पुसत, बसवत, अन् संध्याकाळी ती एकदाची फुरफुरली का याईच्या तोंडावर जे सुख दिसे, ते मले दुसऱ्या कशानं देता नाही आलं. हे मी सांगून टाकतो, त्यात लाजाचं काय.

आता कानाचं ऐका. याईचे कान लहानपनापासून वाहात. दोन-तीन वर्सांखाली मी आवाज देला का ओ देईनासे झाले. मले काही वाटलं नाही. बायकोचं ऐकू न येनं हा काही रोग नाही, तो सगळ्याच नवऱ्याइले असते.

मंग एका सकाळी गाडी चालू केली अन् पंख्याचा पट्टा असा किंचाळला का गोठ्यातली गाय दावं तोडाले पाहे. मी कानावर हात ठेवून बाहेर आली. हे तुराटी कानाशी धरून, डोळे मिटून उभे. मले पाह्यलं तं म्हने, 'आज लय शांत हाय.' मी दुसऱ्याच दिवशी याईले दवाखान्यात नेलं.

वाशिमच्या डॉक्टरनं पाह्यलं. पडदे गेले, आता या वयात चिरफाड नको म्हने. कानात घालाची मशीन देली, पन कान वाहाते म्हनून ती टिके ना. पडली डब्यात. हे सकाळी तसेच गाडीपाशी जात, तुराटी धरत, अन् मंग ठेवून देत. 'खुश हाय' म्हननं बंद झालं.

आमचा भागवत वाशिमले नोकरीवर हाय, पोरगं बापाच्या जिवाचं. दिवाळीले आला होता, तवा बापलेक गाडीनं मालेगावले निंघाले. मोठ्या रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला, अन् हे रस्त्याच्या मधातून हलेच ना. ट्रक हातभर अंतरावरून गेला म्हने. भागवत घरी आला तं चपला न काढताच माह्यापाशी आला. म्हने, गाडी विकाची. तो चुकीचं बोलला असं मी म्हनत नाही. त्यानं बापाचे हात धरून, ओठ दिसतीन असं सांगतलं, "बाबा, मले गाडी नाही, तुमी पाह्यजे."

गिऱ्हाईक त्यानंच शोधलं. वाशिम रोडवर एकजन नवं हॉटेल काढून राह्यला होता. त्याले दारात शोभेले जुनी गाडी पाह्यजे होती. इंजिन काढून टाकाचं, खालून विटा लावाच्या, वरून लायटिंग. येनाऱ्या-जानाऱ्यानं फोटो काढाचे. याईनं सगळं ऐकलं, म्हंजे भागवतनं मोबाईलवर लिहून दाखवलं, अन् होकाराची मान हलवली. भांडले नाहीत. एका शब्दाले चार शब्द देनारा मानूस, अन् गप. मले त्याचंच भेव वाटलं.

त्याच्यानंतर एका सकाळी मी अंगनात आली तं गाडी चालू, अन् हे बोनेटवर वाकून तुराटी चावून राह्यले. मले वाटलं दातन करून राह्यले. म्हटलं, गावातला कडुलिंब सरला काय, अन् दात घासाले इंजिन कायले लागते? पन ऐकू कुठी येते. जवळ गेली तं डोळ्यातून पानी वाहून राह्यलं होतं. याईनं तोंडातली तुराटी काढली अन् माह्या दंडाले धरलं.

"मनकर्णे, बोलली वं ती. दातानं ऐकू येते."

झालं असं होतं का कार्बोरेटरचा स्क्रू फिरवताना दोन्ही हात गुंतले, म्हनून तुराटी दातात धरली. तिचं टोक इंजिनले टेकलं, अन् डोक्यात सगळा आवाज भरला. कान बंद, पन हाडातून येते म्हने. मी म्हटलं, मंग भागवतले सांगा, फोन लावतो. इशाऱ्यानं सांगतलं. तं याईनं नकाराची मान हलवली. पोरगं म्हनंन बुढ्याचं डोकं फिरलं, म्हने. हॉटेलवाला येईपर्यंत ऐकून घेतो, बस. ते 'बस' मले लय लागलं. खराटा घेतला अन् उगाच अंगन झाडत बसली.

रविवारी हॉटेलवाला येनार होता. भागवत अन् सून वैजयंती सकाळीच आले. वैजयंती गुनाची पोरगी हाय, वाशिमले गॅसवर करते, म्हनून इथी आली का चुलीवरच्या चहाची हौस. म्हटलं, कर बाई. हॉटेलवाला आला, खाटेवर बसला. हे आत आले, भिंतीशी टेकवलेली तुराटी घ्याले. शेवटचं ऐकाचं होतं.

तुराटीचं टोक चुलीच्या बाहेर लटकून राह्यलं होतं. बाकीची पेटली होती. वैजयंतीची काय चूक? चुलीपाशी वाळली, सरळ तुराटी दिसली का कोनीबी लावंन. तिले बिचारीले काही माहीतच नव्हतं. यांनी चुलीकडं पाह्यलं. बाहेर जाऊन खिशातून किल्ली काढली अन् खाटेवर हॉटेलवाल्याच्या बाजूले ठेवून देली.

तवा माहं डोकं फिरलं. सुनेवर नाही, हॉटेलवाल्यावर नाही, याईच्यावरच. एका काडीसाठी मानूस असा हात टेकते काय? तरातरा गोठ्यात गेली. तिथला कूड माह्या सासऱ्यानं तुराट्यांनी बांधलेला. त्यातून एक चांगली जाड, वर्सानुवर्सं धूर खाल्लेली तुराटी उपसली, माती झाडली, पदरानं पुसली. आनून याईच्या हातात कोंबली अन् किल्ली उचलून भागवतकडं फेकली.

"चालू कर गाडी," म्हटलं. "अन् बाबाले न दाखवता काहीतरी बिघडव."

भागवतनं माह्याकडं पाह्यलं, मंग बापाकडं. लहानपनापासून त्यानं या गाडीवर बॅटरी धरली, त्याले सगळं माहीत. मी याईचे डोळे माह्या दोन हातानं झाकले. भागवतनं फडक्यानं धरून एका प्लगची वायर उपसली. गाडी चालूच राह्यली, जरा लंगडत. मी कानात सांगू शकत नव्हती, म्हनून याईचा हात धरून इंजिनपाशी नेला. यांनी तुराटी दातात धरली, टोक एकेका जागी टेकवत गेले. यांनी तीन बोटं वर केली.

भागवतनं तिसरीच वायर काढली होती. त्यानं ती लावली, मी पुन्हा डोळे झाकले, त्यानं अजून एक काढली. याईनं एक बोट वर केलं. पहिलीच होती. भागवतनं वायर बसवली, बापाच्या तोंडातून तुराटी घेतली, धुतलीबी नाही, अन् सोताच्या दातात धरून इंजिनले टेकवली. कितीतरी वेळ तसाच वाकून उभा होता. उठला तं नाक ओढत होता.

हॉटेलवाला समजदार मानूस निंघाला. चहा पेला, कप खाली ठेवला अन् म्हने, मावशी, मले निस्ता सांगाडा पाह्यजे होता, ही तं जित्ती हाय. रिठदच्या एका मानसाकडं जुनी गाडी पडून हाय, ती पाहातो म्हने. राम राम करून गेला. आता यात मी कोनाले पळवलं, तुमीच सांगा.

भागवत बापाचाच पोरगा, पन ट्रक इसरला नव्हता, त्यानं मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. इंजिन ऐकू येते, ट्रक नाही. मोठ्या रस्त्यावर गाडी न्याची नाही, कधीच नाही. निस्ती वावराच्या वाटेनं, अन् माय बाजूले बसलेली पाह्यजे. यांनी मान हलवली, अन् यावेळी हसले.

तवापासून मी पुढच्या सीटवर बसतो. मागून कोनी आलं का याईच्या मांडीवर एक थाप, थांबाचं असलं का दोन. पहिल्या दिवशी मले वाटेत एक ओळखीची बाई दिसली, मी हात हलवाच्या नादात कायच्या कायी थापा मारल्या, गाडी बांधावर चढता चढता राह्यली. आता जमते. वावराची वाट लहान, समोरून फार तं बैलगाडी येते.

परवा तूर पाह्याले गेलो होतो. शेंगा भरून राह्यल्या. गाडी धुऱ्यावर, वावराच्या कडेले, बाभळीच्या सावलीत उभी केली. यांनी बोनेट उघडलं, तुराटी लावली, डोळे मिटले, मान हलवली, बंद केली. सगळं नेहमीसारखं. मी भाकरीचं फडकं सोडून राह्यली होती. तं हे माह्यासमोर येऊन बसले, तुराटीचं एक टोक दातात धरलं, अन् दुसरं अलगद माह्या गळ्याले टेकवलं. हातानं म्हने, बोल.

आता तुमी मले ओळखता. या मानसाले मी जन्मभर बोलत आली, सकाळी बोलली, जेवताना बोलली, एकदा बोलाले लागली का शेजारी खिडकी लावत. अन् तिथी बाभळीखाली मले एक शब्द सुचे ना. गळ्याले ती तुराटी टेकलेली, समोर याईचे मिटलेले डोळे. इतक्या दिवसांपासून माहा आवाज याईच्यापर्यंत पोचला नव्हता, अन् मी तं त्याचा हिशेबच नव्हता केला. गाडीचं ऐकू येत नाही म्हनून जीव जाळला, सोताचं ध्यानातच आलं नाही.

शेवटी म्हटलं, "भाकर वाढू काय?"

हे तसेच राह्यले थोडा वेळ, इंजिनपाशी उभे राहात तसे. मंग तुराटी तोंडातून काढली.

"आज खुश हाय," म्हने.

मी भाकर वाढली.