भाटघरचा फ्लॅट आणि आईला हाक

मंडळी, पुढच्या आठवड्यात आम्ही घरचे सगळे दोन दिवस भाटघरला राहणार आहोत. फ्लॅटचे फोटो चांगले होते, तरी आज सकाळी मी एकटीच जाऊन बघून आले. कारण आई. तिला आता फारसं आठवत नाही आणि दार उघडं दिसलं की ती चालू लागते.

फ्लॅट ठीक आहे. पण फाटकाबाहेरचा रस्ता थेट धरणाच्या पाण्याकडे उतरतो.

शेजारच्या अंगणात एक बाई शेंगा निवडत होत्या. त्यांना आईबद्दल सांगितलं आणि विचारलं, "ती एकटी बाहेर पडली तर कुणी अडवेल का?"

"दिवसा कुणीबी इचारंल. रातीला आमी झोपतो, तवा कडी तुमीच घाला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणून हाक मारली की थांबत्यात त्या?"

"आई म्हटलं तर थांबत नाही. कुसुम म्हटलं की वळून बघते."

"कुसुम," त्यांनी एकदा म्हणून बघितलं.

घरी येऊन बुकिंग केलं. दाराला वरच्या बाजूला एक कडी बसवून द्यायला मालक तयार आहेत. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर नव्या जागी तुम्ही आणखी काय बघता?