काळ्या पाण्याहून परत आलेला मोठा आजा

माझ्या आजाचा थोरला भाऊ काळ्या पाण्याहून जिवंत परत आला होता. आमच्या घरात त्याचा विषय काढायचा नाही. तो आणि त्याची बायको, मोठी आजी, गावाबाहेर, खळ्याजवळच्या झोपडीत राहत. आम्ही पोरी शेण वेचायला तिकडे गेलो की मी त्याच्याजवळ बसायची.

धानाच्या बांधीच्या पाण्यावरून भांडण झालं, त्याच्या काठीनं शेजारचा माणूस मेला आणि त्याला जन्मठेप झाली. कलकत्त्याहून शिडाच्या जहाजात घातलं. दोघादोघांच्या पायांत मिळून एक बेडी.

"माह्या संगचा गडी तापानं फणफणून राहिला होता," तो सांगे. "वारा पडला, जहाज जागीच उभं. पाणी घोटघोट भेटे. सकाळी त्याले हलवलं तं थंडागार. मी बोंबललो, बेडी सोडा! शिपाई म्हणे, लोहाराले सवड नाही."

"मग?"

"मग त्याच्या वाट्याचं पाणी आलं. मी पेलो."

लोहार दुसऱ्या दिवशी आला. बेडी सरकारी, ती त्यानं तोडली नाही. मेलेल्याचा पाय तोडला.

पुढं कित्येक वर्षांनी शिक्षेतून सुटून तो गोंदियाच्या टेसनावरून पायी घरी आला, तेव्हा दारात माझा आजा उभा राहिला. भाऊ मेल्याची आवई उठवून त्यानं तेरवी उरकली होती, भावजयीच्या बांगड्या फोडल्या होत्या, जमीन आपल्या नावे केली होती.

"माहा भाऊ मेला. तू कोण?"

मोठी आजी बाहेर आली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "थोच हाये."

आजानं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. पंचांनी समुद्र ओलांडला म्हणून मोठ्या आजाला जातीबाहेर टाकलं. त्याच्या पंक्तीला बसेल तोही बाहेर. मोठी आजी आत गेली, आपला पाण्याचा गडवा उचलला आणि नवऱ्यामागं चालू लागली. तेव्हापासून गावची विहीर तिला बंद झाली. म्हशी डुंबायच्या त्या बोडीचं पाणी ती प्यायची.

एकदा तिनं मला उकडलेली मोहफुलं दिली. मी खाल्ली हे कळल्यावर आजानं तापलेली सळई माझ्या जिभेला टेकवली. "आता शुद्ध झाली," तो म्हणाला. आई चुलीपाशी बसून होती, उठली नाही. कित्येक दिवस मी पेजेवर होते.

पटकीच्या साथीत मोठी आजी गेली. खांदा द्यायला कोणी आलं नाही. मोठ्या आजानं तिला पाठीवर घेतलं आणि आमच्याच बांध्यांमधून नदीकडे निघाला. आमचा नांगर धरणारा गडी बैल थांबवून उभा राहिला.

"काऊन थांबला?" आजा बांधावरून ओरडला. "हाक!"