धाकटीचं नाक

रात्रभर वीज नव्हती. सकाळी फ्रीजर उघडला, तर चिकनचा बर्फ केव्हाच वितळला होता आणि मांस कोमट लागत होतं. दुपारी नणंद जेवायला येणार होती. मी ते पातेल्यात काढून बोट लावून पाहिलं, तर चिकट. वासही आंबूस.

"टाकून देऊ या," मी म्हणाले.

सासूबाईंना पटलं नाही. "धाकटीला बोलव. तिचं नाक तिखट आहे."

माझी धाकटी जाऊ आली, पातेल्यावर वाकली, क्षणभर थांबली. "नको आई, खराब झालंय."

सासूबाईंनी लगेच टाकायला पातेलं उचललं. या घरात ती येण्याआधीपासून मी रांधतेय. विश्वास एखाद्याच्या वाट्याला इतक्या सहज कसा येतो, आणि दुसऱ्याला तो मागूनही का मिळत नाही?

त्या बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, मला सर्दी झालीय. वास कसला येतोय! तुमचा चेहरा बघूनच सांगितलं."

मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. तिच्या चोंदलेल्या नाकालाही या घरात माझ्यापेक्षा जास्त मान होता.