चष्मेवाल्याचा किलीफिश

आमचे हे चष्मे बनवायचे. दुकानातून आले की जेवणाआधी मासे. किलीफिश म्हणजे बोटाएवढा जीव, पण नर महाभांडकुदळ. दोन एका टाकीत सोडले की एकाच्या परांच्या चिंध्या. एकेकाला वेगळं ठेवून, नीट जोड्या लावून, ह्यांनी अकरा वर्षांत पिवळ्या शेपटीचा निळा नर तयार केला. मी वैतागायचे. घरात बूड टेकायला जागा नाही, जिथं बघाल तिथं टाक्या!

हे गेले आणि त्याच आठवड्यात धाकटा दीर टेम्पो घेऊन हजर. "वहिनी, तुम्हाला कुठं झेपणार? मी सांभाळतो." मी रडत रडत सगळं उचलू दिलं. सहा महिन्यांनी प्रदर्शनात बघते तर काय, तोच निळा नर, पहिलं बक्षीस, आणि दिराच्या नावाची पाटी: 'स्वतः तयार केलेली जात'. जाब विचारला तर म्हणतो, "दादाला काय कळत होतं? आयुष्यभर काचा पुसल्या त्यानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुझ्याच तोंडून चारचौघांत त्यांचं नाव वदवून घेते की नाही बघ!

दुकान आवरताना भिंगांच्या खोक्यामागे काथ्याच्या ओलसर भुशाची पिशवी सापडली. ह्या माशांची अंडी अशा भुशात महिनोन्‌महिने टिकतात, एवढं मला ठाऊक होतं. पाण्यात टाकली. सतरा पिल्लं निघाली. डोळ्यांत तेल घालून वाढवली आणि त्यांतला सगळ्यात खुनशी नर निवडला.

पुढच्या प्रदर्शनात मी मुद्दाम दिराच्या शेजारची जागा मागून घेतली. त्यानं पुन्हा निळा नरच आणला होता. दोन नरांच्या टाक्यांमध्ये तिथं पुठ्ठा लावतात, कारण नुसतं काचेतून दिसलं तरी लेचापेचा नर खचतो. परीक्षक जवळ आले तसा मी पुठ्ठा सर्रकन ओढला. माझा पठ्ठ्या काचेवर तुटून पडला. दिराच्या नरानं क्षणभर छाती फुगवली, मग पर मिटले, रंग उतरला आणि गेला कोपऱ्यात. मला आत कसं गार गार वाटलं म्हणून सांगू!

दीर लालबुंद झाला. "वहिनी, अक्कल आहे का? दादाच्या माशाची वाट लावलीत तुम्ही!"

परीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली. "कुणाच्या माशाची?"

दिराचा हात आपसूक पाटी झाकायला गेला.

नियम मोडला म्हणून मला तिथल्या तिथं बाद केलं. मी म्हटलं, "करा की. फक्त भावजींच्या पाटीवरचं नाव तेवढं आधी बदला."